जॉन स्नोचा 'ऊर'

प्रश्न असा आहे: 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका ज्यांवरून निघाली त्या कादंबऱ्यांबद्दल मराठीत लिहिताना, सरदार नेड स्टार्कने आपला लग्नाबाहेरचा मुलगा म्हणून वाढवलेल्या जॉन स्नोला 'अनौरस' म्हणावं की 'दासीपुत्र'? आणि उत्तरेच्या प्रचंड भिंतीपलीकडच्या रानटी टोळीतल्या यिग्रिटच्या तोंडी यातला कोणता शब्द शोभेल?

आधी 'नाजायज औलाद' बंद करा. मागच्या दाराने हिंदीतून घुसलेली ही जोडगोळी चाहत्यांच्या दर चर्चेत दिसते आणि दर वेळी माझं डोकं उठतं. 'दासीपुत्र' बाद, कारण आई दासी होती हे आधी ठरायला हवं. 'कर्णासारखा कानीन' म्हणणाऱ्यांनो, कानीन म्हणजे कुमारिकेला झालेला मुलगा. मालिकेने 2017 साली जॉनचे खरे आईबाप म्हणून राजपुत्र रेगार आणि नेडची बहीण लियाना यांचं गुपचूप लागलेलं लग्नच दाखवलं, म्हणजे तेही गेलं. कादंबऱ्यांचे 1996 ते 2011 या काळात पाच खंड आले, त्यांत उलगडा नाही. पण चाहत्यांचा तर्क फार पूर्वीपासून याच जोडप्यावर येऊन थांबलेला.

राहिला 'अनौरस', आणि इथे खरी मजा आहे. 'औरस म्हणजे कायदेशीर' असं सगळे घोकतात. अहो, या शब्दात कायदा कुठे आहे? यात छाती आहे! उरस् म्हणजे छाती. आनंदाने आपला 'ऊर' भरून येतो, तोच हा. पाणिनीचं सूत्र आहे 'उरसोऽण् च' (4.4.94): उराने घडवलेला तो औरस. गृह्यसूत्रांतला बाप मुलाला म्हणतो, 'अङ्गादङ्गात्संभवसि हृदयादधिजायसे', अंगाअंगातून उपजलास, हृदयातून जन्मलास. मराठी बापाने मात्र छाती सोडून थेट आईचा अवयव पळवला आणि तो खुशाल 'माझ्या पोटचा पोर' म्हणतो.

माझं तर मत आहे की बापाने ज्याला उराशी धरलं तो औरस, हाच या शब्दाचा जुना जीव. व्याकरणवाले नाक मुरडतील, मुरडू देत. नेड स्टार्कने दुसऱ्याचं तान्हं घरी आणलं, बायकोची नाराजी आणि जगाचे टोमणे सोसले, आपल्या मुलांबरोबर वाढवलं. तो मुलगा 'अन्-औरस' कसा?

यावर कुणीतरी मनुस्मृती काढणारच. काढा. लग्नाच्या बायकोला स्वतःपासून झालेला तोच औरस, असं मनू म्हणतो (9.166). उरात लग्नपत्रिका खुपसली ती याने. पण तिथेच थांबू नका, चार श्लोक पुढे जा. तिथे 'गूढोत्पन्न' भेटतो: घरात जन्मला, कुणाचा ते कळत नाही, म्हणून ज्याच्या शेजेवर उपजला त्याचा. आणि मनूच्या यादीत हा गूढोत्पन्न पहिल्या सहांत, म्हणजे वारसांत. बिचारा कानीन नंतरच्या सहांत, वारशाबाहेर. म्हणजे मनूच्या दरबारात राणीला दुसऱ्यापासून झालेला जॉफ्री हा राजा रॉबर्ट बॅरॅथियनचा बिनतक्रार वारस ठरला असता! अट एकच, 'कळत नाही'. नेमकं तेच नेडने बिघडवलं. वंशावळीच्या जाड पोथीत बॅरॅथियनांचे काळे केस पिढ्यान्‌पिढ्या मोजत बसला, जॉफ्रीचे तेवढे सोनेरी निघाले आणि गूढ उकलून ठेवलं. पुढे त्याची मान उडवली गेली ते ठाऊकच आहे.

बोलीबद्दल म्हणाल तर रक्त जिभेवर येत नाही, हे या कादंबऱ्यांच्या लेखकाला, जॉर्ज मार्टिनला, पक्कं कळलेलं आहे. रॉबर्टचीच लग्नाबाहेरची दोन पोरं घ्या: गढीत वाढलेला एड्रिक सरदाराच्या तोऱ्यात बोलतो आणि लोहाराकडे वाढलेला गेंड्री लोहाराच्या पोरासारखा. मालिकेत बडा सरदार टायविन वेषांतर केलेल्या आर्याला, नेडच्या लेकीला, पकडतो तेही एका अक्षरावर, हलक्या घरची पोर 'माय लॉर्ड' इतकं सुटं म्हणत नाही, 'मलॉर्ड' म्हणते. मराठीत हे आयतं आहे: 'महाराज' आणि 'म्हाराज'. तरी भाषांतराची हौस असलेले आर्यापासून गेंड्रीपर्यंत सगळ्यांना सदाशिव पेठेत नेऊन बसवतात.

हां, यिग्रिट. तिला औरसही नको, अनौरसही नको. जॉनला बेल शाहिराची गोष्ट सांगते ती हीच: स्टार्कांच्या लेकीला बेलपासून झालेलं पोर पुढे स्टार्कांच्याच विंटरफेल गढीचा धनी होतं. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही. नाक मुरडतो तो जॉन. तिला नुसतं 'पोर' म्हणू द्या.