प्रोसेस रेकॉर्डमधलं खोडलेलं वाक्य

प्रिय,

तुझा प्रोसेस रेकॉर्ड, म्हणजे भेटीतल्या संवादाची नोंद, वाचला. सोळा वर्षांची मुलगी, आईवडील ऊसतोडीला जाणारे, लग्न ठरत आलेलं. बीडमध्ये समाजकार्याचं फील्डवर्क करताना अशी केस समोर यायचीच. तू समारोपात लिहिलं आहेस, ‘पालकांमध्ये जनजागृतीचा अभाव दिसून आला. समुपदेशन केले.’ ही दोन वाक्यं काढून टाक. त्यातून तू काय बोललीस ते कळत नाही आणि आई काय म्हणाली तेही कळत नाही.

आई काय म्हणाली ते चौथ्या पानावर आहे, तेही जाता जाता: ‘पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, तुम्हीच सांगा.’ अठराची अट तिला माहीत आहे. तिची अडचण दसऱ्यानंतरची आहे. नवराबायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली, म्हणजे दोघांनाही जावंच लागणार. मार्चएप्रिलपर्यंत घरी फक्त म्हातारी. मुलीला ऊसतोडीच्या फडावर न्यावं तर शाळा जाते, शिवाय तिथल्या कोपीला (झोपडीला) दार नाही. लग्न लावलं तर राखणीची जबाबदारी सासरी जाते, आणि त्या जोडप्याचा नवा कोयता उभा राहतो. वर्गात आपण व्यवस्था सिद्धांत शिकतो तो इथे वापरायचा: कागदावर मुलीभोवती आजी, शाळा, मुकादम, कारखाना, अंगणवाडी, ग्रामपंचायत मांड, रेघा ओढ आणि कुठली रेघ सर्वांत जास्त ताणलेली आहे ते बघ. या केसमध्ये ती मुकादमाची आहे. समुपदेशनाने उचल फिटत नाही.

पण याचा एक धोका आहे. आईची परिस्थिती इतकी स्पष्ट दिसायला लागते की मुलगी नजरेआड होते. तुझ्या सहा पानांत मुलीची तीनच वाक्यं आहेत आणि तिन्ही आईच्या समोर बोललेली. तिच्याशी एकटीशी बोलायची वेळ आणि जागा आधी ठरव. शाळेची मधली सुट्टी चालेल, घराची ओसरी नको.

आता नीतीचं. पाचव्या पानावर तू तिला म्हणालीस, ‘मी हे कुणालाच सांगणार नाही.’ असा शब्द द्यायचा अधिकार तुला नाही, मलाही नाही. गोपनीयतेची मर्यादा संवाद सुरू होण्याआधी सांगायची असते, साध्या भाषेत: ‘तू सांगशील ते मी गावात बोलणार नाही. पण तुला इजा होईल असं काही असलं, तर मला मदत मागावी लागेल. कुणाकडे, ते आधी तुला सांगेन.’ पुढच्या भेटीत पहिलं काम हेच. आधीचं वचन चुकलं होतं हे तिला स्पष्ट सांग.

दोन कायद्यांत गल्लत करू नकोस. लग्न होऊ घातलंय तोवर 2006 चा बालविवाह प्रतिबंध कायदा. गावात त्याचा प्रतिबंध अधिकारी ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी), मुलांची हेल्पलाइन 1098, आणि कलम 13 खाली न्यायालयाकडून मनाईहुकूमही मिळतो. शरीरसंबंध आला असेल, लग्न झालेलं असो वा नसो, तर 2012 चा पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, लागतो. तिथे कलम 19 नुसार कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे एका टप्प्यावर तुला विचार करायला थोडी जागा आहे, दुसऱ्यावर नाही. कुठल्या टप्प्यावर आहोत हे रेकॉर्डमध्ये तारखेनिशी लिही. आणि क्रम पाळ: आधी मुलीला सांगायचं, मग संस्थेतल्या सुपरवायझरना, मग तक्रार. ‘स्वयंनिर्णय’ म्हणून ती म्हणेल त्यावर सोडून मोकळं होता येत नाही, पण काय घडणार आहे हे सर्वांत आधी कळण्याचा हक्क तिचाच आहे.

बऱ्याच केसेस यानंतर बिघडतात. पालक हमीपत्र देतात, फाइलवर ‘विवाह रोखण्यात यश’ असा शेरा पडतो, आणि लग्न मामाच्या गावी रातोरात उरकलं जातं. कारण म्हातारी, उचल आणि शाळा जिथल्या तिथेच असतात. हमीपत्राच्या दिवशीच पुढचं लिही: हंगामात ती कुठे राहणार, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा वसतिगृहात जागा आहे का, अर्ज कोण भरणार, दर आठवड्याला तिला कोण भेटणार. 1098 तिला तोंडपाठ हवा, फोन वडिलांच्या खिशात असतो.

आणि ते खोडलेलं वाक्य. तिसऱ्या पानाच्या तळाशी पेन्सिलीने लिहून खोडलंस: ‘मला आईचा राग आला.’ माझ्या मते अख्ख्या रेकॉर्डमधलं सर्वांत कामाचं वाक्य ते आहे. त्याच्या लगेच पुढे तू आईला कायद्यातली शिक्षा ऐकवलीस, आणि ती गप्प झाली. तिथून पुढे तिने ‘हो मॅडम’ याखेरीज काही म्हटलेलं नाही. रागाने पुढचा प्रश्न ठरवला, सिद्धांताने नाही. आत्मपरीक्षण म्हणजे एवढंच शोधणं. भावनांची पानंच्या पानं नकोत. ती हल्ली फार येतात आणि त्यातून पुढच्या भेटीत काहीच बदलत नाही.

पान उभं तीन भागांत आख. डावीकडे शब्दशः संवाद, मधे त्या क्षणी मनात काय आलं, उजवीकडे ते बोलण्यामागे कुठली समजूत होती. लिहायचं त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी लिहिलेला संवाद नकळत तुझ्या सोयीचा होतो. उजवा रकाना रिकामा राहिला तर राहू दे, आयसीत (आपल्या दोघांच्या वैयक्तिक चर्चेत) तिथूनच सुरुवात करू. नाव, गाव, शाळा बदलून लिही आणि बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यातलं काहीही टाकू नकोस, फोटो तर नाहीच.

तिसरं पान या पद्धतीने पुन्हा लिहून आयसीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत पाठव. समारोपातली ती दोन वाक्यं सोडली तर बाकीची पाच तशीच राहू देत.