मोटरहोममधला गिझर गळतोय आणि गरम पाणीही येत नाही. दुरुस्त करावा की नवा बसवावा?

तुमच्या प्रश्नातला मुद्दा आधी मांडतो. तुम्ही अमेरिकेत २००८ सालचं जुनं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतलंय, ते हिवाळाभर उभं होतं. आता गिझरच्या बाहेरच्या झाकणाखालून पाणी ठिबकतं, नळाला गारच पाणी येतं, आणि दुकानवाला म्हणतो अख्खा गिझर बदला.

माझं मोटरहोमही त्याच वयाचं आहे आणि गेल्या सहा वर्षांत त्याचा गिझर मी एकदा दुरुस्त केलाय, एकदा बदललाय. टाकी फुटली असेल तर बदला. बाकी काहीही बिघडलं असेल तर तो भाग सुटा मिळतो आणि घरच्या पान्यांनी बसतो. तेव्हा पाणी नेमकं कुठून येतंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत दुकानवाल्याला हो म्हणू नका.

गार पाण्याचं आधी बघू, कारण त्यात बहुतेकदा काही बिघडलेलंच नसतं. हिवाळ्यात पाइप गोठू नयेत म्हणून गुलाबी अँटिफ्रीझ भरतात, तेव्हा ते गिझरमध्ये जाऊ नये म्हणून गिझरच्या मागे बायपासच्या चाव्या (पाण्याचे व्हॉल्व्ह) फिरवलेल्या असतात. आधीच्या मालकाने त्या तशाच ठेवल्या असतील तर तुमचं पाणी गिझरला वळसा घालून थेट नळाला येतंय. पलंगाखाली किंवा ओट्याखालच्या कपाटात शिरून गिझरची पाठ शोधा. खालून गार पाइप आत जातो, वरून गरम बाहेर येतो, दोघांना जोडणारा मधला आडवा तुकडा म्हणजे बायपास. गार-गरमच्या चाव्या उघड्या आणि मधली बंद, असं हवं. मधली अर्धवट उघडी राहिली तरी पाणी कोमटच येतं. बाहेरच्या शॉवरचंही तेच. त्याचे दोन्ही नळ चालू ठेवून नुसता शॉवरच्या दांड्यावरचा खटका बंद केला असेल तर गार पाणी तिथून गरम लाइनमध्ये घुसतं. माझ्या शेजारच्या प्लॉटवरच्या एका आजोबांनी यापायी दोन दिवस गिझर खोलून ठेवला होता.

चाव्या नीट असतील तर गॅसवर चालू करून बाहेर कान देऊन उभे राहा. गॅसचा व्हॉल्व्ह उघडल्याचा ‘ठक’, त्याबरोबरच ठिणगीची टिकटिक, मग भुस्सकन ज्योत. यातलं काय ऐकू येत नाही त्यावरून दुखणं कळतं. काहीच आवाज नाही म्हणजे बारा व्होल्टचा पुरवठा, फ्यूज किंवा काळ्या रबरी टोपणाखालचं रीसेटचं बटण. टिकटिक आहे पण ज्योत नाही, तर बऱ्याचदा लाइनमध्ये हवा असते. आधी आतली शेगडी पाच मिनिटं पेटवा. ज्योत पिवळी, आळशी असेल तर बर्नरच्या नळीत कुंभारमाशीचं मातीचं घर किंवा कोळ्याचं जाळं सापडेल. प्रोपेनच्या वासाकडे या प्राण्यांची काय ओढ आहे देव जाणे. तार, ब्रश, हवेचा झोत, काम झालं.

गिझर विजेवरही तापवणाऱ्या एलिमेंटची चूक मी स्वतः केली आहे. सबर्बन कंपनीच्या गिझरवर विजेचं एक छोटं काळं बटण बाहेरच्या बाजूला, खालच्या डाव्या कोपऱ्यात, गॅसच्या पाइपामागे दडलेलं असतं. मी हिवाळ्याआधी टाकी रिकामी केली, ते बटण चालूच राहिलं. एप्रिलमध्ये स्मोकी माउंटनच्या कॅम्पग्राउंडवर वायर जोडली आणि कोरड्या टाकीत एलिमेंट क्षणात जळालं. हिने फक्त एवढंच विचारलं, ‘मग आता अंघोळ?’ मल्टिमीटरने तपासायचं असेल तर वीज पूर्ण तोडून तारा सुट्या करा. १४४० वॉटच्या चांगल्या एलिमेंटला साधारण १० ओहम दिसतात, माझ्याला काहीच दिसलं नाही. म्हणून नवीन पाणी भरल्यावर गरम नळ उघडा, फसफस थांबून अखंड धार येऊ दे, मगच वीज.

आता गळती. झाकण उघडलंत की तीन जागा बघायच्या. पण त्याआधी गॅस, वीज, पंप बंद आणि टाकी पूर्ण गार. आतलं पाणी कढत आणि दाबाखालचं असतं, इथे घाई केलेल्यांचे भाजलेले हात मी पाहिले आहेत.

पहिली जागा वरचा तरफ असलेला पितळी व्हॉल्व्ह. १५० पीएसआय दाब किंवा २१० फॅरनहाइट तापमान झालं की तो उघडतो. पाणी तापताना तो दोनचार थेंब टाकत असेल तर तो बिघडलाच आहे असं नाही. टाकीच्या माथ्याशी हवेची एक उशी असते, तापून फुगलेलं पाणी त्या उशीत मावतं. उशी हळूहळू पाण्यात विरून जाते आणि मग फुगलेल्या पाण्याला व्हॉल्व्हशिवाय वाट उरत नाही. टाकी गार असताना पाणी बंद करा, आतला गरम नळ उघडा, व्हॉल्व्हची तरफ उचलून पाणी थांबेपर्यंत वाहू द्या, सोडा, नळ बंद करून पाणी पुन्हा चालू करा. उशी परत तयार. तरीही गार असताना ठिबकत राहिला तर त्याच मापाचा नवा घ्या. त्याला बूच मारायचा विचारसुद्धा करू नका, त्याशिवाय हा गिझर म्हणजे बंद तोंडाचा कुकर.

दुसरी जागा खालचा बूच, आणि इथेच तुमचा गिझर कुठल्या जातीचा ते कळतं. धातूचा मोठा षट्कोनी बूच असेल तर सबर्बन. त्याची टाकी पोलादाची, आतून काचेचा मुलामा दिलेली, आणि बुचाला आतल्या बाजूने एक लांब दांडा असतो, अॅनोड. गंज टाकीला लागायच्या ऐवजी या दांड्याला खातो. पांढरा प्लॅस्टिकचा बूच असेल तर अॅटवुड कंपनीचा, टाकी अॅल्युमिनियमची, दांडा लागत नाही. सबर्बनला १ १/१६ इंचाचं सॉकेट लागतं. वरची तरफ उचलून दाब सोडा, बाजूला उभं राहून बूच फिरवा. मी पहिल्यांदा काढला तेव्हा दांड्याच्या जागी पेन्सिलच्या शिशाएवढी तार उरली होती, आणि मागोमाग पाण्याबरोबर पांढऱ्या क्षाराचे पोपडे आणि खडे भडाभडा बाहेर आले, चांगली ओंजळभर. पाइपाच्या टोकाला बारीक नळी लावून आतून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. नव्या दांड्याच्या आट्यांना टेफलॉन टेप लावा, दोनतीन वेढे पुरे. दर वर्षी हे केलं तर टाकी खूप वर्षं टिकते, आणि आधीच्या मालकाने ते केलं होतं का, हे दांडाच सांगतो.

तिसरी जागा म्हणजे टाकी. व्हॉल्व्ह कोरडा, बूच कोरडा, तरी पाणी येतंय, मागून चाचपलं तर टाकीभोवतीचा फोम भिजलेला, मग समजा संपलं. पोलादाची गंजून तिला छिद्र पडतं, अॅल्युमिनियमची पाणी गोठून तडकते. तुमचं मोटरहोम हिवाळाभर उभं होतं, म्हणून ही शंका मला जास्त आहे. आपल्या लोकांना अशा वेळी एम-सील आठवतं. पंपाचा दाब आणि तापण्या-गार होण्याचा खेळ यापुढे ते टिकत नाही, मी आठवडाभर फसलोय.

माझी टाकी अशीच गेली तेव्हा मी नवा बसवला, एका शनिवारात. हा गिझर म्हणजे आजीकडचा तांब्याचा बंबच, मधून आगीची नळी आणि भोवती पाणी, फक्त आडवा ठेवलेला, त्यामुळे त्यात गूढ काही नाही. जुना निघतो कसा, तर बाहेरच्या चौकटीचे स्क्रू काढायचे, मागचे दोन पाइप, गॅसची जोडणी आणि तारा सोडवायच्या (तारांचा आधी फोटो काढा), आणि बाहेरून ओढायचा. नव्याच्या चौकटीमागे ब्यूटाइलची टेप (फटी बुजवणारी चिकट रबरी पट्टी) भरपूर लावा, नाहीतर पावसाचं पाणी भिंतीत शिरून लाकूड कुजेल आणि ते गिझरपेक्षा महाग पडेल. गॅसची जोडणी दोन पान्यांनी करायची, एकाने फिटिंग धरून दुसऱ्याने आवळायची, मग साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. गॅसला हात लावायला भीती वाटत असेल तर तेवढ्यासाठी घरी येणारा आरव्ही (मोटरहोम) मेकॅनिक बोलवा, यात कमीपणा नाही.

मागवताना मात्र थांबा. मोटरहोमच्या काही गिझरांना इंजिनच्या कूलंटची नळी गुंडाळलेली असते, गाडी चालवता चालवता पाणी तापावं म्हणून. सबर्बनच्या अशा मॉडेलच्या नावात शेवटी एम येतो. मागे पाण्याच्या दोन पाइपांशिवाय आणखी दोन रबरी होज दिसले तर तसाच गिझर घ्या, नाहीतर ते होज एकमेकांना जोडून टाका. मला हे जुना ओढून काढल्यावर, अंगावर हिरवं कूलंट सांडल्यावर कळलं. शिवाय भिंतीतलं भोक मोजा. सहा गॅलनच्या सबर्बन आणि अॅटवुडची मापं वेगळी आहेत, एकाच्या जागी दुसरा बसवायला जोडचौकट लागते.

टाकी नसलेला, लगेच तापवणारा घ्यावा का, असंही तुम्ही विचारलंय. मी तरी घेणार नाही. जुन्याचा बर्नर १२,००० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप), त्यांचा ४२,००० किंवा त्याहूनही मोठा, आणि त्यातले बहुतेक फक्त गॅसवर चालतात, म्हणजे कॅम्पग्राउंडची भाड्यात मिळालेली वीज वाया. चौघांनी लागोपाठ लांबलचक अंघोळी करायच्या असतील तर गोष्ट वेगळी.

बूच काढल्यावर दांडा निघतो का, निघाला तर कसा दिसतो, आणि मागच्या पाइपांचा फोटो, एवढं इथे टाका. आज रात्री बघतो.