एटीव्हीची स्टीलची चाकं काढून ॲल्युमिनियमची बसवायची आहेत, काय काळजी घ्यावी?

तुमच्या प्रश्नात रिमचं डिझाइन आहे, रंग आहे, बजेट आहे, वजन किती कमी होईल हेही आहे. नटांचा उल्लेख मात्र अगदी शेवटी, एका ओळीत: "जुनेच नट चालतील असं मेकॅनिक म्हणाला." त्या एका ओळीपायी मी लिहायला बसलोय.

नाही चालणार. तुमची एटीव्ही पोलारिस कंपनीची स्पोर्ट्समन आहे, स्टीलच्या चाकांवरची. म्हणजे बहुतेक तिचे नट सपाट बुडाचे असतील, खाली चकतीसारखी कड असलेले. एक नट काढून बघा म्हणजे कळेल. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ॲल्युमिनियमच्या चाकांना भोकाभोवती आत उतरता काठ दिलेला असतो आणि त्याला तसाच निमुळत्या तोंडाचा, ६० अंशांचा नट लागतो. हा नट चाक नुसतं दाबून धरत नाही, ते बरोबर मधोमधही आणतो. सपाट नट त्या उतारात शिरतच नाही, वरच्या काठावर टेकून राहतो. पाना अडतो, हाताला सगळं घट्ट लागतं, पण नट टेकलेला असतो तो एका बारीक रेघेवर. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा मऊ. ती रेघ दबते, नटाची पकड जाते आणि चाक हबवर, म्हणजे ज्या मधल्या भागावर ते बसतं त्यावर, खेळायला लागतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर माझं आणि चुलतभावाचं मिळून गॅरेज होतं. मुंबईचे एक गृहस्थ, चौलकडे त्यांची वाडी आणि फार्महाउस, त्यांनी स्पोर्ट्समनसाठी ॲल्युमिनियमची चार चाकं आणली. चार चाकांना सोळा नट लागतात, दुकानदाराने निमुळते नट दिले आठच. पुढची दोन चाकं मी त्या आठ नटांवर बसवली आणि सांगितलं, मागची जुनीच राहू द्या, नट आले की बदलू. गृहस्थांना शनिवारी पाहुणे यायचे होते. दोन काळी, दोन चकचकीत अशी गाडी त्यांना नको होती. दादाने, म्हणजे त्याच चुलतभावाने, जुने सपाट नट उचलले, नट कसायची मशीन-गन लावली आणि मागची चाकं कसून टाकली. मी गिऱ्हाइकासमोरच म्हटलं की ही गाडी अशी जाऊ नये. दादाचं उत्तर आजही जसंच्या तसं आठवतं: "नट तो नट. तू काय पुस्तकं वाचून गॅरेज चालवणार?" गाडी गेली.

पावसाळा संपता संपता फोन आला, मागून टक्‌टक् आवाज येतोय. त्यांचा मुलगा चालवत होता, आवाज आला तसा शहाण्यासारखा उतरला आणि गाडी तिथेच ठेवली. वाडीचा उतार, खाली सगळा जांभा. तशीच पुढे दामटली असती तर काय झालं असतं हे मला लिहायचंही नाही. मागचं उजवं चाक काढलं. चारही भोकं लंबगोल झालेली. भोकांभोवती करडा-काळा चिखल साचलेला. तो चिखल नव्हे, झिजलेल्या ॲल्युमिनियमचा भुगा आणि पाणी. एक स्टड, म्हणजे हबमधून बाहेर आलेला, नट बसतो तो आट्यांचा दांडा, मुळाशी तुटलेला, बाकीच्यांचे आटे एका बाजूने चपटे. मग पुढचं चाक काढून शेजारी ठेवलं. त्याच्या प्रत्येक भोकाच्या उतारावर चहूबाजूंनी सारखी, स्वच्छ, चकचकीत पट्टी उमटलेली. नट बसायचा तसा बसला होता.

दादा म्हणाला, माल चायनाचा. शिवाय मागच्या चाकांवर जोर जास्त येतो, मागचीच जाणार. त्यावर मी एकच केलं. त्याच बनावटीची, तीच चाकं पुन्हा मागवली, मागेच बसवली, नवे स्टड आणि निमुळते नट घालून. ती अजून चालताहेत, त्याच वाडीत, त्याच जांभ्यावर. माल तोच, जागा तीच, जोर तोच. बदलले फक्त नट. घरात कार्य असलं की हा विषय अजूनही निघतो आणि दादा अजूनही चायनावरच अडून बसतो. म्हणून इथे चारचौघांत लिहितोय.

आता तुमच्या कामाचं. नट विकत घ्यायच्या आधी स्टडचे आटे तपासा. जुन्या पोलारिसवर ३/८ इंचाचे, इंचाला २४ आटे असलेले स्टड येतात, नंतरच्या अनेक मॉडेलवर १२ मिलिमीटरचे मेट्रिक. होंडा-यामाहाचे बरेच स्टड १० मिलिमीटरचे, सव्वा मिलिमीटर पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). नट पहिले दोन-तीन वेढे हाताने, सुळकन फिरला पाहिजे. पहिल्या वेढ्यालाच पाना लागला तर थांबा, आटे जुळत नाहीत.

दुसरं, ॲल्युमिनियमचं चाक हबवर बसतं तिथे स्टीलच्या पत्र्यापेक्षा बरंच जाड असतं. म्हणजे स्टडचा बाहेर उरणारा भाग कमी होतो. स्टड जितका जाड, निदान तितक्या लांबीचे आटे नटात गेलेच पाहिजेत. १२ मिलिमीटरचा स्टड, दीड मिलिमीटरचं पिच, म्हणजे पूर्ण आठ वेढे. मोजा. कमी भरले तर लांब स्टड टाका, नाहीतर ती चाकं परत करा. टोपीवाले बंद नट घेणार असाल तर स्टडचं टोक आतून टोपीला टेकत नाही ना, तेही बघा. टेकलं तर नट घट्ट लागतो आणि चाक ढिलं राहतं.

कसताना गन नको. आमच्याकडे किती चाकं गनने वाया गेली हे मला माहीत आहे. चाक हवेत असताना नट समोरासमोर, आलटून पालटून हाताने बसवा. मग गाडी खाली टेकवून टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने कसलं ते आकड्यात दाखवणारा पाना, लावा. आकडा कुणाला विचारू नका, गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. स्टीलच्या आणि ॲल्युमिनियमच्या चाकांचे आकडे तिथे बऱ्याचदा वेगवेगळे दिलेले असतात आणि तुमचा मेकॅनिक नेमका जुनाच लावणार. नटाच्या उतारावर ग्रीस फासू नका. त्याने रेंच तोच आकडा दाखवते, पण स्टड गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. भोकाच्या उतारावर पावडर कोटिंगचा (भाजून चढवलेल्या रंगाचा) जाड थर असेल तर तो दबतो आणि नट सैल पडतात. म्हणून पहिल्या फेरीनंतर पुन्हा रेंच, आणि पुढचे काही दिवस अधूनमधून. हे न करणारा माणूस माझ्या लेखी मेकॅनिक नाही.

चाक निवडताना समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांतलं अंतर मोजा. पोलारिसचं सहसा १५६ मिलिमीटर, कॅन-ॲमचं १३७, होंडा-यामाहाच्या शेतकामाच्या गाड्यांचं ११०. मग ऑफसेट, म्हणजे चाकाच्या रुंदीतला किती भाग हबच्या आत आणि किती बाहेर. ५+२ लिहिलं असेल तर पाच इंच आत, दोन इंच बाहेर. २+५ घेतलंत तर गाडी रुंद आणि रुबाबदार दिसेल, पण हँडल जड होईल आणि बेअरिंग, टाय रॉडची (चाक वळवणाऱ्या दांड्याची) टोकं लवकर जातील. जुन्या चाकाइतकाच ऑफसेट घ्या. बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकच्या कॅलिपरला आणि टाय रॉडला काही घासत नाही हे हाताने तपासा.

वजनाचं विचारलंत. ॲल्युमिनियम स्टीलच्या साधारण एक-तृतीयांश वजनाचं, हे खरं. पण चाक जाड ओतावं लागतं, त्यामुळे तयार चाकात तेवढा फरक पडत नाही. स्वस्तातली काही चाकं तर जुन्या स्टीलइतकीच भरतात. घेण्याआधी काट्यावर ठेवून बघा. कंपनी कोणती हे मी सांगणार नाही, चुकीच्या नटांवर कुठलीही कंपनी टिकत नाही.

तुम्ही मुरुडकडचे आहात, म्हणून खाऱ्या हवेचं सांगतो. स्टीलचा हब, ॲल्युमिनियमचं चाक आणि मध्ये मीठ-पाणी, की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पांढरी पूड धरते आणि चाक हबवर असं चिकटतं की हातोडीशिवाय सुटत नाही. हबच्या मधल्या गोलाला, आणि फक्त तिथेच, अँटी-सीझचा, म्हणजे धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या पेस्टचा, पातळ हात द्या. पुळणीवरून आलात की गोड्या पाण्याने धुवा, आतली बाजूही. तीच पूड टायर बसतो त्या कडेवर धरली तर हवा हळूहळू जाते. एटीव्हीच्या टायरमध्ये हवा मुळात पाच-सात पीएसआय, त्यातली दोन गेली तर टायर रिमवरून उतरू शकतो. पंपावरच्या गेजवर हे कळत नाही, कमी दाबाचं वेगळं गेज घ्या.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पहिली, काही ॲल्युमिनियमच्या चाकांची भोकं सपाट बैठकीचीही असतात, त्यांना सपाट नटच लागतो. तेव्हा नट ठरतो तो भोकाकडे बघून, चाकाच्या धातूवरून नाही. दुसरी, तुमच्या वाडीत जांभा आणि दगडच जास्त असेल तर स्टील सोडू नका. स्टील वाकतं आणि ठोकून बरंच सरळ होतं. ओतीव ॲल्युमिनियमला तडा जातो, आणि तडा वेल्ड करून देणाऱ्याला चाक देऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथली ताकद उतरते आणि वरून ते दिसत नाही.

काढलेली स्टीलची चाकं ठेवणार असाल तर त्यांचे सपाट नट पिशवीत घालून चाकालाच बांधून ठेवा. पुढे कधी घाईत कुणीतरी निमुळते नट त्यांच्यावर कसेल, आणि तेही तितकंच वाईट.