वाचकांचे प्रश्न : ब्रिटनमध्ये चालायला जायचंय, समुद्रकाठ घ्यावा की माळरान?

या वेळच्या टपालात ब्रिटनमधल्या पायवाटांबद्दल बरेच प्रश्न आलेत, म्हणून हे सदर सगळं त्यालाच देतोय. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : आम्ही दोघंही साठीतले. लेक इंग्लंडमध्ये असते, जूनमध्ये तिच्याकडे जातोय. रोज आठ-दहा किलोमीटर आरामात चालतो. आठवडाभर चालत फिरावं असं मनात आहे, समुद्रही हवा आणि डोंगर-माळही. साउथ वेस्ट कोस्ट पाथचं नाव सारखं कानावर येतं, तोच करावा का?

वाट सुंदरच आहे, पण पहिल्याच वेळी नको असं माझं स्पष्ट मत. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या किनाऱ्यानं, माइनहेडपासून पूल नावाच्या गावच्या बंदरापर्यंत १०१४ किलोमीटर आहे ती, अर्थात सगळी कोणी एका दमात करत नाही, तुकडा निवडता येतो, पण खरी गोष्ट अंतराची नाहीच, चढाची आहे. समुद्रकाठची वाट म्हणजे सपाट असं आपण धरून चालतो आणि इथेच फसतो. दर थोड्या अंतरावर एखादा ओढा कडा कापून समुद्रात उतरलेला असतो, मग कड्यावरून खाली ओढ्यापर्यंत यायचं, छोटा पूल ओलांडायचा की परत तेवढंच वर, आणि हे दिवसभर. त्या अख्ख्या वाटेवरचा चढ जोडला तर जवळपास ३५,००० मीटर भरतो, म्हणजे समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट साधारण चार वेळा. तुमचे सकाळचे दहा किलोमीटर सपाट रस्त्यावरचे असतील तर तिथले दहा म्हणजे वेगळंच काम आहे हो.

हिशोबाला एक जुना नियम कामी येतो. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये मांडला, दर पाच किलोमीटरला एक तास आणि शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. यात चहा, फोटो, धाप लागून थांबणं काही धरलेलं नाही, त्यामुळे साठीतल्या माणसानं आलेल्या उत्तराला सरळ दीडनं गुणावं.

मला विचाराल तर तुम्ही उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरला जा. क्लीव्हलँड वे म्हणून १७५ किलोमीटरची वाट आहे, हेल्म्सलीहून निघते, नॉर्थ यॉर्क मूर्सच्या मोकळ्या माळावरून फिरत फिरत सॉल्टबर्नला समुद्राला भेटते आणि मग कड्याकड्यानं फायलीपर्यंत जाते. १९६९ मध्ये सुरू झाली. तुम्ही तिचा समुद्राकडचा तुकडाच घ्या. सॉल्टबर्नला रेल्वे स्टेशन आहे, तिथून स्टेथ्स साधारण १४ किलोमीटर, मधे बोल्बीचा कडा लागतो, २०० मीटरच्या आसपास उंच, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सगळ्यात उंच कड्यांपैकी एक. स्टेथ्समध्ये उतरताना जरा सावकाश उतरा, दोन कड्यांच्या बेचक्यात ओढ्याच्या मुखाशी घरं एकाला एक चिकटून बसलीत आणि गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कोणी आलं तर अंग चोरून उभं राहावं लागतं. पुढे जगप्रवास करणारा कॅप्टन कुक पोरवयात इथे एका दुकानात कामाला होता, इथूनच तो व्हिटबीला जहाजावर गेला. स्टेथ्स ते व्हिटबी १७-१८ किलोमीटर, तुम्हाला जरा जास्त होईल, तो दिवस बसनं अर्धा केला तरी कोणी विचारायला येत नाही. मग व्हिटबीला दोन-तीन रात्री मुक्काम करा. १९९ पायऱ्या चढून पडक्या ॲबीपाशी, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठापाशी जायचं आणि तिथून तीच वाट पुढे रॉबिन हूड्स बे, ११ किलोमीटर.

आणि माळ बघायला वेगळा प्रवास नकोच, हेच या भागाचं मोठं सुख. व्हिटबीहून वाफेच्या इंजिनाची गाडी धरून गोथलंडला उतरायचं आणि ग्रॉसमंटपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावरून चालत यायचं, पाच-सहा किलोमीटर, बहुतेक उतारच. १८३६ मध्ये ही लाइन सुरू झाली तेव्हा इथे डबे घोडे ओढायचे. एका आठवड्यात एकाच जिल्ह्यात कडा, कोळ्यांची गावं, माळ आणि दरी मिळते, हे सोडून तीन दिवस एका टोकाला आणि तीन दिवस दुसऱ्या टोकाला असं करू नका, अर्धी सुट्टी स्टेशनवर जाते. सामानाचं म्हणाल तर एका मुक्कामावरून पुढच्या मुक्कामावर बॅगा पोचवणारे लोक या वाटांवर असतात, मुक्काम बुक करतानाच विचारा, पाठीवर फक्त दिवसापुरतं ठेवा.

प्रश्न : व्हिडिओत लोक सरळ दुसऱ्याच्या शेतातून, गाई-मेंढ्यांमधून चाललेले दिसतात. मालक हाकलत नाही का? कायद्यानं चालतं का हे?

चालतं, आणि फुकट मिळालेलं नाही ते. इंग्लंड-वेल्समध्ये जमीन खाजगी असली तरी तिच्यावरून जाणाऱ्या ठरावीक वाटेवर सगळ्यांचा हक्क असतो, मालकाला ती बंद करता येत नाही. पण मोकळे माळ, डोंगर हे बड्या जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवलेले, तिथे कामगारांना पाय ठेवू देत नसत. १९३२ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टर भागातले कित्येकशे तरुण, बहुतेक गिरण्या-कारखान्यांतले, ठरवून किंडर स्काउट या डोंगरावर घुसले. राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. रविवारी मोकळ्या हवेत चालता यावं एवढीच मागणी होती हो त्या पोरांची. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि पायवाटांचा कायदा आला, १९६५ मध्ये पेनाइन वे ही पहिली राष्ट्रीय वाट खुली झाली, आणि २००० च्या कायद्यानं ठरवून दिलेल्या मोकळ्या माळांवर वाट सोडूनही फिरायचा हक्क मिळाला. स्कॉटलंडचा २००३ चा कायदा तर आणखी उदार आहे, नीट वागलात तर जवळजवळ कुठेही चालता येतं.

ओळखायचं कसं, तर ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० चा नकाशा घ्या, त्यात पायी जायच्या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. जमिनीवर पिवळा बाण म्हणजे पायवाट, निळा बाण म्हणजे घोडे-सायकलीही जाणार, आणि ओकच्या फळाचं चिन्ह दिसलं की राष्ट्रीय वाट. शेताच्या कडेला एक गमतीचं फाटक लागेल, अर्धगोल कठड्याच्या आत झुलणारं, त्यात एका वेळी एकच माणूस मावतो. फाटक पुढे ढकलायचं, कठड्याच्या कोपऱ्यात सरकायचं, फाटक मागे घ्यायचं आणि बाहेर पडायचं, गुरांना हे जमत नाही म्हणून ते तसं केलंय. मोठी सॅक असेल तर आधी काढून पलीकडे ठेवा. साधं फाटक जसं असेल तसंच सोडायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद.

गाईंचं मात्र मनावर घ्या. वासरं सोबत असतील तर लांबून वळसा घालायचा, गाय आणि वासरू यांच्या मधून कधीच जायचं नाही. कुत्रा बरोबर असेल आणि गाई अंगावर यायला लागल्या तर साखळी सोडून द्या, त्यांचा राग कुत्र्यावर असतो आणि तो पळून वाचतो.

प्रश्न : कड्यावरून चढउतार करण्यापेक्षा खालून वाळूवरूनच चाललं तर? ओहोटीला किनारा तर केवढा मोकळा असतो.

काही ठिकाणी होतं, पण वेळ न बघता अजिबात नको. माणसं सगळ्यात जास्त बेफिकीर इथेच असतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणजे आजची वेळ उद्या पाऊण-एक तासानं पुढे जाते, कालच्या अंदाजावर आज निघायचं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, पाणी लांब मागे जातं आणि तितकंच आत येतं. वेल्स आणि नैऋत्य इंग्लंड यांच्या मधल्या ब्रिस्टल चॅनेलसारख्या ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सगळ्यात मोठ्या फरकांपैकी आहे, तिथे तर विचारूच नका. यॉर्कशायरच्या त्या उपसागरांत दोन्ही बाजूंना कडे पुढे आलेले असतात, पाणी आधी त्या टोकांना टेकतं, तुमच्या पायाखालची वाळू अजून कोरडीच असते आणि बाहेर पडायची वाट बंद झालेली असते. म्हणून ओहोटी लागलेली असताना, पाणी मागे जात असतानाच निघायचं, भरती सुरू व्हायच्या आत वर यायचं. आणि कड्याच्या पायथ्याशी डबा उघडून बसू नका, पावसानंतर तर नाहीच, दगड-माती कधी सुटेल सांगता येत नाही.

काही वाटा तर भरतीच्याच वेळापत्रकावर चालतात. डेव्हनमध्ये अर्म नदीच्या मुखाशी होडीही नाही, पूलही नाही, ओहोटीच्या आधी-नंतर तासाभरातच पाण्यातून पलीकडे जाता येतं, चुकलं तर लांबचा वळसा. नॉर्थंबरलंडमधल्या होली आयलंडला वाळूवरून जाणारी यात्रेकरूंची वाट उंच खांब रोवून दाखवलीय, तिथेही सुरक्षित वेळा आधी बघूनच पाऊल टाकायचं.

प्रश्न : कोणता महिना चांगला? आणि बूट कसले घ्यावेत?

मे-जून. फुलं, पक्षी आणि उजेड तिन्ही मिळतात, जूनच्या शेवटी यॉर्कशायरमध्ये दिवस जवळपास १७ तासांचा असतो, त्यामुळे उशीर झाला तरी धावपळ होत नाही. माळ जांभळा झालेला बघायचाय तर ऑगस्ट. बूट कुठलेही घ्या पण नवेकोरे घालून निघू नका, आणि टाचेला गरम लागायला लागलं की त्याच क्षणी थांबून पट्टी लावा, पुढच्या गावात लावू म्हटलं की फोड आलाच. पावसाचं जॅकेट सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा.

प्रश्न : चाळिशीतली आहे, एकटीनं जायचंय. घरचे नको म्हणतात. कुठली वाट बरी?

जा. वेल्समधली पेम्ब्रोकशायर कोस्ट पाथ बघा, १९७० ला खुली झालेली, २९९ किलोमीटर, आणि उन्हाळ्यात तिच्या गावागावांतून बस फिरतात, त्यामुळे एकाच गावी राहून रोज वेगळा तुकडा करता येतो. सकाळी बसनं लांबच्या टोकाला जायचं आणि मुक्कामाकडे चालत यायचं, उलट नाही, म्हणजे संध्याकाळी बस चुकायची भीतीच उरत नाही. जुलैच्या मध्यापर्यंत गेलात तर स्कोमर बेटावर पफिन पक्षी अगदी पायाजवळून चालताना दिसतात, त्यासाठी एक दिवस मोकळा ठेवाच.

घरच्यांसाठी रोजची वाट आणि पोचायची वेळ मेसेज करून ठेवा, मुक्कामाच्या मालकिणीलाही सांगा. कागदी नकाशा हवाच, कड्यांखाली फोनला रेंज जाते. संकटात ९९९ लावून किनाऱ्यावर असाल तर कोस्टगार्ड मागायचं, डोंगरात असाल तर पोलीस आणि त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक. तिथलं सिमकार्ड घेतलंत की ९९९ या नंबरवर एसएमएसची नोंदणी आधीच करून ठेवा, आवाज जाण्याइतकी रेंज नसेल तेव्हा मेसेज जाऊ शकतो. आणि सॅकच्या पट्ट्याला शिट्टी बांधा, एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. तीन शिट्ट्या ऐकू आल्या तर ते उत्तर असतं, तरी कोणी प्रत्यक्ष तुमच्यापर्यंत येईपर्यंत वाजवत राहायचं.