युरोपीय संघ एवढा श्रीमंत असूनही जागतिक राजकारणात दुबळा का दिसतो? एकत्रीकरणाचा प्रयोग फसला आहे का?

आपला प्रश्न असा आहे की सत्तावीस देश, सुमारे 45 कोटी लोकसंख्या आणि जगाच्या एकूण उत्पन्नाचा जवळपास सहावा हिस्सा पदरी असूनही युद्ध आणि शांततेच्या वाटाघाटींत युरोपीय संघाला दाराबाहेर ताटकळत का उभे राहावे लागते, आणि त्यावरून हा प्रयोग फसला असे म्हणावे का. माझ्या मते तो फसलेला नाही. मात्र युरोपीय संघ ही भारत किंवा अमेरिकेसारखी एकसंध सत्ता आहे असे गृहीत धरून त्याचे मोजमाप केले, तर चूक होते. ज्या विषयांतले अधिकार सदस्य देशांनी खरोखर हातचे सोडून दिले, त्या विषयांत हा संघ आजही भल्याभल्यांना वाकवतो. ज्या विषयांतले अधिकार प्रत्येकाने आपल्याच मुठीत ठेवले, तिथे संघ म्हणजे सत्तावीस जणांची सभा उरते.

मी अनेक वर्षे राज्यशास्त्र शिकवले, पण युरोपीय संघाची ताकद मला आधी कळली ती निफाड तालुक्यातल्या आमच्या घरच्या द्राक्षबागेत. 2008 पासून फळे-भाज्यांवरील कीटकनाशकांच्या अवशेषांची मर्यादा सर्व सदस्य देशांसाठी एकच झाली आणि ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅम एवढीच मुभा राहिली. 2010 च्या हंगामात वेलीची वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सीसीसी या संजीवकाचे अंश तिकडच्या तपासणीत सापडले आणि आपल्याकडून गेलेले कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकून पडले. तेव्हापासून आमच्याकडे निर्यातीच्या बागेत घडांचे नमुने प्रयोगशाळेत गेल्याशिवाय आणि रेसिड्यूचा, म्हणजे औषधाच्या अवशेषांचा, अहवाल हातात आल्याशिवाय कोणी घडाला कात्री लावत नाही. माझा धाकटा भाऊ फवारणीची वही ज्या काळजीने लिहितो, त्या काळजीने त्याने शाळेत कधी गृहपाठ लिहिला नव्हता. युरोपीय संघाचे मुख्यालय असलेल्या ब्रसेल्समध्ये ठरलेल्या एका आकड्याने, एकही सैनिक न पाठवता, सहा-सात हजार किलोमीटरवरच्या शेतकऱ्याची सवय बदलली. ही काही दुबळेपणाची खूण नव्हे.

आता याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहा. भारताला स्कॉर्पिन पाणबुड्या घ्यायच्या होत्या, तेव्हा बोलणी ब्रसेल्सशी झाली नाहीत, फ्रान्सशी झाली. 2005 मध्ये करार झाला, मुंबईच्या माझगाव गोदीत सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या आणि त्यांतली शेवटची 'वाघशीर' जानेवारी 2025 मध्ये नौदलात दाखल झाली. या साऱ्या व्यवहारात युरोपीय संघाला विचारण्याचे काही कारणच नव्हते. द्राक्षांसाठी ब्रसेल्स आणि पाणबुड्यांसाठी पॅरिस, या दोन पत्त्यांमधले अंतर म्हणजेच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

हे अंतर कसे पडले, हे समजायला 1950 च्या दशकात जावे लागते. 9 मे 1950 रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा व पोलाद एकाच संस्थेच्या ताब्यात द्यावे असा प्रस्ताव मांडला. तोफा ज्यापासून बनतात तो मालच एकट्याच्या हाती राहिला नाही, तर लढाई करणे अशक्य होईल, असा त्यामागचा रोखठोक विचार होता. 1951 मध्ये सहा देशांनी तो स्वीकारला. पण त्याच वेळी आणखी एक योजना पुढे आली होती, जिचा उल्लेख आपल्याकडे फारसा होत नाही आणि जी मला कोळसा-पोलादाइतकीच महत्त्वाची वाटते. ती होती सामाईक युरोपीय सैन्याची. फ्रान्सनेच ती सुचवली, 1952 मध्ये सहाही देशांनी तिच्यावर सह्या केल्या आणि 30 ऑगस्ट 1954 रोजी फ्रान्सच्याच संसदेने ती 319 विरुद्ध 264 मतांनी बासनात गुंडाळली. निकाल लागताच विरोधकांनी सभागृहात उभे राहून राष्ट्रगीत म्हटले. ज्या जर्मन सैन्याने अवघ्या दहा वर्षांपूर्वीपर्यंत पॅरिस व्यापले होते, त्याच्याशी एका गणवेशात उभे राहणे त्यांच्या मनाला पटले नाही, आणि त्यासाठी त्यांना आज दोष देणे मला तरी जमत नाही. परिणाम मात्र दूरगामी झाला. पुढच्याच वर्षी पश्चिम जर्मनी नाटो या अमेरिकेच्या पुढाकाराखालील लष्करी आघाडीत गेला, युरोपच्या संरक्षणाची किल्ली वॉशिंग्टनकडे राहिली आणि 1957 च्या रोम कराराने एकत्रीकरणाची गाडी बाजाराच्या रुळावर टाकली. ती अजूनही मुख्यतः त्याच रुळावर धावते आहे.

दुसरी गाठ नकाराधिकाराची आहे. बाजार, शेती, पर्यावरण अशा बहुतेक विषयांत आज विशेष बहुमत चालते, म्हणजे किमान 15 देश आणि लोकसंख्येचा 65 टक्के हिस्सा बाजूने असला की निर्णय होतो. परराष्ट्र धोरणात मात्र जवळजवळ प्रत्येक गोष्टीला सर्वांची संमती लागते. याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, हे 14 डिसेंबर 2023 च्या ब्रसेल्समधील शिखर बैठकीत दिसले. युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायला हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान तयार नव्हते. अखेर जर्मनीचे चान्सेलर ओलाफ शोल्त्स यांनी त्यांना थोडा वेळ बाहेर जाऊन कॉफी घ्यावी असे सुचवले, ते खोलीबाहेर गेले आणि उरलेल्या सव्वीस जणांनी निर्णय करून टाकला. परत आल्यावर त्याच रात्री ओर्बान यांनी युक्रेनसाठीची 50 अब्ज युरोंची मदत अडवली, ती 1 फेब्रुवारी 2024 ला मोकळी झाली. एका युद्धाच्या ऐन मध्यात एवढ्या मोठ्या संघाचा निर्णय एका माणसाच्या खोलीबाहेर जाण्यावर अवलंबून असावा, हे पाहून मला मनापासून वाईट वाटले होते.

तरीही नकाराधिकार हा निव्वळ आडमुठेपणा आहे असे समजू नये. एस्टोनियातल्या नार्वा गावात उभे राहिले की नदीच्या पलीकडच्या काठावर रशियाचा किल्ला दिसतो, तर लिस्बनमधून समोर दिसतो तो अटलांटिक महासागर. या दोघांनी एकाच भीतीने झोपेतून दचकून उठावे अशी अपेक्षा करता येत नाही. जर्मनीला रशियाचा स्वस्त वायू समुद्रतळाच्या नळांतून हवा होता, तेव्हा पोलंड कळकळीने धोक्याची सूचना देत होता आणि पोलंडचेच म्हणणे खरे ठरले. सर्वांचा मिळून एक शत्रू, एक मित्र ठरवणे हे अवशेषांची मर्यादा ठरवण्याइतके सोपे नाही. याची सर्वांत मोठी किंमत बोस्नियाने मोजली. 1991 मध्ये युगोस्लाव्हिया फुटू लागला, तेव्हा लक्झेंबर्गचे परराष्ट्रमंत्री जाक पूस यांनी 'युरोपची वेळ आली आहे' असे जाहीर केले होते. चार वर्षांनी, जुलै 1995 मध्ये, स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून अधिक बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) पुरुष आणि मुले मारली गेली, आणि तह झाला तो अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डेटन येथील हवाई तळावर.

संकटाने मात्र हा संघ हलतो, हेही तितकेच खरे. कोरोनाच्या काळात, 2020 च्या जुलैमध्ये, चार दिवस-रात्र घासाघीस करून 750 अब्ज युरोंचे सामाईक कर्ज काढायचे ठरले, जे त्याआधी जर्मनीत नुसते उच्चारणेही कठीण होते. 2021 मध्ये आयात वायूपैकी सुमारे 45 टक्के वायू रशियाकडून येत होता, युक्रेन युद्धानंतर, 2024 मध्ये, तो 19 टक्क्यांवर आला.

आपल्या प्रश्नात एक गृहीतक असे दिसते की निदान व्यापारात तरी युरोप निर्धास्त आहे. 2025 पर्यंत मीही तसेच समजत होतो. पण 27 जुलै 2025 रोजी स्कॉटलंडमधील टर्नबेरी येथे युरोपीय आयोगाच्या, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाच्या, अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी समझोता केला आणि युरोपच्या बहुतेक मालावर 15 टक्के अमेरिकी आयात शुल्क मान्य केले. प्रत्युत्तराची यादी तयार होती, बाजारपेठ तोलामोलाची होती, तरी ताणून धरले नाही. युक्रेनला लागणारी शस्त्रे आणि स्वतःचे संरक्षण ज्याच्यावर अवलंबून आहे, त्याच्याशी शुल्काच्या प्रश्नावर भांडण किती वाढवायचे, याला मर्यादा पडते. 1954 मध्ये सोडून दिलेला धागा असा एकाहत्तर वर्षांनी बाजारातही आडवा आला.

यापुढे युरोपचे वजन वाढते आहे की घटते आहे हे जोखायचे असेल, तर शिखर परिषदांच्या घोषणांपेक्षा दोन गोष्टींकडे पाहावे असे मी सुचवेन: परराष्ट्र धोरणात विशेष बहुमत येते का, आणि शस्त्रखरेदी एकत्र होऊ लागते का. दुसऱ्या बाबतीत 2025 मध्ये 150 अब्ज युरोंच्या संरक्षण कर्जांची योजना मंजूर झाली आहे, पहिल्या बाबतीत मात्र चर्चेपलीकडे काही सरकलेले नाही. दरम्यान येमेनमधील हूती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर फेब्रुवारी 2024 मध्ये युरोपीय संघाने मोजक्या युद्धनौका पाठवून 'आस्पिडेस' ही मोहीम सुरू केली, तीही फक्त बचावापुरती. त्या हंगामात न्हावाशेव्याहून निघालेले आमच्या तालुक्यातले द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून सुमारे दोन आठवडे उशिरा रोटरडॅमला पोहोचले. रेसिड्यूचे अहवाल सगळे चोख होते. 2025 च्या हंगामातही बहुतेक जहाजे त्याच लांबच्या वाटेने गेली.