सुई की लेसर?

"रात्री दोन वाजता हात झाडत उठते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर. करंगळीला काही होत नाही." शिवणकाम करणाऱ्या त्या ताई बसता बसताच सांगू लागल्या. कार्पल टनेलचं, म्हणजे मनगटात नस दाबली जाण्याच्या त्रासाचं, निदान झालेलं होतं. उपचार ॲक्युपंक्चरनेच घ्यायचे, हेही ठरलं होतं. घोडं अडलं होतं एका भीतीवर: "सुई नसेत घुसली तर? त्यापेक्षा लेसर बरं ना?"

ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. मनगटाच्या घडीवरचा पीसी-७ हा ॲक्युपंक्चरचा बिंदू, आणि दाबली गेलेली नस, मीडियन नर्व्ह, बरोबर त्याच्याच खाली. पण सुया केसासारख्या बारीक असतात, आणि प्रशिक्षित हातांकडून नसेला इजा होणं दुर्मीळ. लेसरमध्ये टोचणं नाही, रक्त नाही. मंद प्रकाश त्याच बिंदूंवर धरतात, डोळ्यांना चष्मा लावून.

गुण कशाने येतो, हे मात्र मी स्पष्ट सांगितलं. २०१७ साली ८० रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विजेचा सौम्य प्रवाह दिलेल्या सुया आणि तुलनेसाठी दिलेलं खोटं ॲक्युपंक्चर, दोन्हींनी त्रास कमी झाला. नसेतला संदेशाचा वेग मात्र खऱ्या सुयांनीच सुधारला. तरीही एकूण पुरावा कच्चा आहे, आणि लेसरचा त्याहून कच्चा. त्यामुळे सौम्य त्रास असेल, तर ज्याची भीती वाटत नाही ते घ्यावं. पण रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट बांधूनच. तो त्यांनी एकदाही बांधला नव्हता!

बोलता बोलता त्यांना दोन्ही तळहात शेजारी ठेवायला सांगितले. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा बसला होता. मला चर्र झालं. स्नायू झिजू लागला की सुई की लेसर हा प्रश्नच मागे पडतो.

"ताई, आधी नर्व्ह कंडक्शन टेस्ट, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो त्याची तपासणी. याच आठवड्यात. साखर आणि थायरॉइडही तपासून घ्या."

त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "ऑपरेशन सांगतील म्हणूनच गेले नाही." खरी भीती ही होती. सुई नुसती पुढे केलेली.

नस फार दाबली गेली आहे असं तपासणीत निघालं, आणि शस्त्रक्रिया झाली. तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा रात्रीची झोप परतली होती. सुईत दोरा ओवताना अंगठा अजून थरथरतो, म्हणाल्या. पण बोटांना दोरा जाणवतो.