लक्सर येथील विंटर पॅलेस हॉटेलात राहणे योग्य ठरेल का?

केवळ मंदिरे पाहण्यासाठी दोनच दिवस जाणार असाल तर साध्या हॉटेलातही भागेल. मात्र तीन-चार दिवस हाताशी असतील, तर 1907 मध्ये, इजिप्त ब्रिटिशांच्या ताब्यात असताना सुरू झालेल्या या वास्तूत अवश्य राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. खोली मागताना ती जुन्या इमारतीतील आणि नाईलकडे तोंड असलेलीच मागावी, कारण सूर्य पलीकडच्या थेब्सच्या डोंगरांमागे मावळतो.

खरा लाभ जवळिकीचा आहे. लक्सरचे मंदिर तेथून पायी काही मिनिटांवर असल्याने दुपारचे ऊन टाळून, दिवे लागल्यावर तेथे निवांत जाता येते. त्याच्या प्रवेशद्वारापाशी आज एकच ओबेलिस्क (एकाच दगडातून घडवलेला उंच, टोकदार स्तंभ) उभा आहे; त्याचा जोडीदार 1836 पासून पॅरिसमध्ये उभा आहे. आतील अबू अल-हज्जाज मशिदीचे जुने दार जमिनीपासून कितीतरी उंचावर अधांतरी दिसते, कारण मशीद बांधली गेली तेव्हा मंदिर गाळात आणि ढिगाऱ्यात गाडलेले होते. ते दार मात्र थांबून, मान वर करून पाहाच. कर्नाकचा प्राचीन मंदिरसमूह सुमारे तीन किलोमीटरवर आहे. तेथे पहाटेच निघावे.